‘इच्छा नाही’च्या आडचं दुखणं

“तू काहून टाळते, म्हणून हे चिडायचे. मी म्हणायची, वय झालं आता. दुखतं हे सांगायला जीभच रेटेना.” नागपुरातली पन्नाशी ओलांडलेली ही बाई आता मैत्रिणींना बिनदिक्कत सांगते, चूर्णाची डबी आणण्याआधी तपासून घ्या. जाहिरातीतली ‘शक्तिवर्धक’ औषधं तिनं घेऊन पाहिली होती. दुखणं होतं तिथंच राहिलं.

पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, योनीमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं. संबंधाच्या वेळी जळजळ होते आणि त्या धास्तीनं इच्छाही आटते. तिचं हेच झालं होतं. डॉक्टरांनी आतून लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं, जोडीला पाण्यात विरघळणारं जेल. काही आठवड्यांत फरक पडला.

अशा गप्प राहणाऱ्या किती, याचा अंदाज विदर्भानंच जगाला दिला. नागपुरात वैद्यकशास्त्र शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के! अभ्यास कामेच्छेचा नव्हता, हे खरं. पण जंतुसंसर्ग आणि ओटीपोटातली सूज ही संबंध दुखण्याची नेहमीची कारणं आहेत.

तरुणपणी कारणं बदलतात. स्तनपानाच्या काळातला कोरडेपणा, बाळंतपणातले टाके, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं). काहींचे योनीमार्गाचे स्नायू भीतीनं आपोआप आवळले जातात. त्यांना फिजिओथेरपी, डायलेटर (योनीमार्ग हळूहळू सैलावणारं साधन) आणि समुपदेशनाचा उपयोग होतो. मधुमेह, थायरॉइड, नैराश्य, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांचाही इच्छेवर परिणाम होतो. गोळ्या मात्र आपल्या मनानं थांबवू नयेत.

नवरा-बायकोत बोलणंच उरलं नसेल तर क्रीम तरी काय करणार? आणि इच्छा कमी असूनही जिला त्याचा त्रास नाही, तिला आजारी ठरवायचं कारण नाही, मग नवरा काहीही म्हणो.

नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयाच्या ओपीडीत गेल्यावर नुसता ‘अशक्तपणा’ सांगून परतू नये. ‘संबंधाच्या वेळी दुखतं’ असं स्पष्ट सांगावं. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर क्रीम घेण्याआधीच सांगावं. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल नको, त्यानं रबर फाटतं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत.