परावर्ती दुर्बीण आणि लेसरचा ओळंबा

गतवर्षी शासकीय कामानिमित्त एका तालुक्याच्या गावी गेलो असता तेथील माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या माथ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली एक दुर्बीण दृष्टीस पडली. आरसा सहा इंची, नळी चार फुटांची. एका माजी विद्यार्थ्याने शाळेस दिलेली. चौकशी केली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, ती नादुरुस्त आहे. पहिल्या वर्षी शनीची कडी अगदी स्वच्छ दिसली. पुढच्या वर्षी शेजारच्या गावी जीपमधून नेली, आणि तेव्हापासून प्रत्येक ताऱ्याला शेपटी फुटते. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार ठेवला आहे."

सुदैवाने जिल्ह्याच्या ठिकाणचे एक हौशी आकाशनिरीक्षक त्या दिवशी माझ्यासमवेत होते. त्यांनी पिशवीतून बोटभर लांबीची, विजेरीसारखी दिसणारी एक वस्तू काढली, दुर्बिणीच्या नळीत बसवली आणि पाव तास स्क्रू फिरविण्यात घालविला. त्या रात्री शाळेच्या पटांगणावर मुलांनी गुरूचे दोन पट्टे आणि त्याचे चार चंद्र पाहिले. दुर्बिणीत बिघाड असा नव्हताच. तिचे आरसे जागचे हलले होते, इतकेच. ती बोटभर वस्तू म्हणजे लेसर. तिचे कार्य काय, मर्यादा कोणत्या आणि धोका कोठे, हे ज्यांच्या ताब्यात अशा दुर्बिणी आहेत त्या शिक्षकांना आणि त्यांवर खर्च मंजूर करणाऱ्या ग्रामपंचायतींना ठाऊक असणे आवश्यक आहे, असे मला त्या दिवशी वाटले.

परावर्ती दुर्बिणीची रचना मुळात साधी आहे. आयझॅक न्यूटनने १६६८ साली अशी पहिली दुर्बीण स्वहस्ते बनविली; तिचा आरसा तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा आणि जेमतेम सव्वा इंचाचा होता. आजही शाळांतून दिसणाऱ्या बहुतेक परावर्ती दुर्बिणी त्याच आराखड्याच्या असतात. नळीच्या तळाशी मुख्य अंतर्वक्र आरसा असतो. ताऱ्याचा प्रकाश त्यावर पडून परत वर येतो आणि नळीच्या तोंडाजवळ ४५ अंशांत तिरपा बसविलेला लहान सपाट आरसा त्याला बाजूस वळवितो. तेथे नेत्रिका, म्हणजे डोळा लावावयाचे भिंग, असते. मुख्य आरशाच्या पाठीमागे तीन स्क्रू असतात आणि लहान आरशाच्या पाठीमागेही तीन. सारे यश या सहा स्क्रूंवर अवलंबून असते.

हे स्क्रू किती नाजूक असतात ते थोड्या गणिताने स्पष्ट होईल. मुख्य आरशामागील एखाद्या स्क्रूचे आटे ०.८ मिलिमीटर अंतराचे आहेत असे धरू. तो पाव फेरी फिरला की आरशाची एक बाजू ०.२ मिलिमीटर पुढे येते. पोस्टकार्डाच्या जाडीइतकीही नव्हे. उरलेल्या दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेपासून हा स्क्रू १०० मिलिमीटर दूर असेल, तर आरसा हजारात दोन इतका कलतो. परावर्तित किरण मात्र आरशाच्या दुप्पट कलतो, म्हणजे हजारात चार. १,२०० मिलिमीटरचा परतीचा प्रवास करून येईपर्यंत तो किरण ४.८ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. खडबडीत रस्त्यावरून जीपचा तासाभराचा प्रवास पाव फेरीचे काम सहज करतो.

येथे दुर्बिणीचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. आरशाच्या नाभीय अंतराला त्याच्या व्यासाने भागले असता जो आकडा येतो, त्यास नाभीय गुणोत्तर म्हणतात. सहा इंची आरसा आणि १,२०० मिलिमीटर नाभीय अंतर असेल तर हे गुणोत्तर ८ येते. अशा दुर्बिणीत ताऱ्याची प्रतिमा निर्दोष राहते ते क्षेत्र सुमारे ११ मिलिमीटर रुंद असते. गुणोत्तर ५ असलेल्या आखूड दुर्बिणीत तेच क्षेत्र ३ मिलिमीटरहूनही कमी होते, कारण ते गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात आक्रसते. या क्षेत्राबाहेर ताऱ्याला धूमकेतूसारखी एकतर्फी शेपटी फुटते. मुख्याध्यापकांनी सांगितलेले लक्षण नेमके हेच होते. आखूड दुर्बीण हाताळावयास सोयीची असते खरी, पण जुळणीच्या बाबतीत ती फारच हट्टी. खरेदीपूर्वी हा विचार सहसा कोणी करीत नाही.

लेसरने जुळणी

भिंत उभी करताना गवंडी डोळ्यावर विसंबत नाही. तो ओळंबा सोडतो. दुर्बिणीच्या नळीत लेसरचा किरण नेमके हेच काम करतो. सामान्य विजेरीचा प्रकाश पसरतो, लेसरचा जवळजवळ पसरत नाही, म्हणून ती प्रकाशाची ताणलेली दोरीच समजावी. पहिला लेसर थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून चमकविला. पुढे अर्धवाहकांचे लेसर निघाले आणि ही दोरी सामान्यांच्या खिशात आली.

तत्पूर्वी मुख्य आरशाच्या मध्यबिंदूवर एक लहान कागदी कडे चिकटविलेले असावे लागते. नव्या दुर्बिणींवर बहुधा ते असते. आरशावर असे काही चिकटवावयास शिक्षक बिचकतात. परंतु आरशाचा मधला भाग लहान आरशाच्या सावलीतच असतो, त्यामुळे प्रतिमेस काडीचीही बाधा येत नाही. बाधा येते ती फडक्याने आरसा पुसल्यामुळे. ॲल्युमिनियमचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि एकदा ओरखडला की ओरखडलाच.

नळी आडवी ठेवावी आणि तिचे तोंड भिंतीकडे करावे. नेत्रिका काढून त्या जागी लेसर बसवावा आणि तो चालू करताच नळीच्या तोंडावर पांढरा कागद धरावा. आरसे फारच हलले असतील तर किरण बाहेर निसटतो आणि कागदावर ठिपका दिसतो. कागद कोरा राहिला, तरच बाजूने तिरक्या नजरेने आत पाहावे. लहान आरशाचे स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवून मुख्य आरशावरील ठिपका त्या कागदी कड्याच्या मधोमध आणावा. त्यानंतर पाठीमागे जाऊन मुख्य आरशाचे स्क्रू हाताळावेत आणि परतणारा किरण लेसरच्या ज्या छिद्रातून निघाला त्याच छिद्रात आणून सोडावा. बऱ्याच लेसरांच्या बाजूस खिडकी व तिरकी पांढरी तबकडी असते, तिच्यावर हा परतीचा ठिपका पाहता येतो. स्क्रू आवळून टाकू नयेत. आरशावर ताण आला की प्रतिमा निराळ्याच तऱ्हेने बिघडते.

मात्र ओळंब्याची दोरीच वाकडी असेल तर भिंत वाकडीच उभी राहणार. स्वस्त लेसरांत किरण नळकांड्याच्या अक्षाशी समांतर नसतो, हा सर्रास आढळणारा दोष आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. लाकडी फळीवर खिळ्यांच्या दोन जोड्या ठोकून त्यांच्या खाचेत लेसर आडवा ठेवावा, पाच-सहा मीटर दूरच्या भिंतीवर किरण टाकावा आणि लेसर जागच्या जागी गोल फिरवावा. ठिपका स्थिर राहिला तर लेसर खरा. तो भिंतीवर वर्तुळ काढू लागला, तर त्या लेसरवर विसंबून केलेली जुळणी व्यर्थ होय. फसवणूक अशी की, खोट्या लेसरचा किरणदेखील पुन्हा छिद्रात आणता येतो आणि सारे काही ठीक झाल्याचा भास होतो.

या अडचणीवर निल्स ओलोफ कार्लिन या स्वीडिश हौशी निरीक्षकाने सुचविलेला उपाय २००३ साली प्रसिद्ध झाला. लेसरपुढे बार्लो भिंग बसविले की किरण पसरतो आणि मुख्य आरशाचा मधला भाग उजळतो. मग आरशावरील कागदी कड्याची सावली परत येते, ती भिंगापुढे धरलेल्या, मधोमध छिद्र असलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडते. त्या सावलीचे मध्य छिद्राशी जुळविले की मुख्य आरसा जुळला. या पद्धतीत लेसर थोडा वाकडा असला तरी चालते. माझ्या मते शाळेकरिता हीच पद्धत सर्वांत भरवशाची. बार्लो भिंग बहुतेक संचांत असतेच, पण ते वापराविना पडून राहते.

लेसर एक गोष्ट सांगू शकत नाही. लहान आरसा नेत्रिकेच्या नळीखाली बरोबर मध्यावर आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते झाकणाला मधोमध बारीक छिद्र पाडून त्यातून डोळ्यानेच पाहावे लागते. आणि अखेरचा निवाडा ताऱ्याचाच. दुर्बीण अर्धा तास उघड्यावर थंड होऊ द्यावी, ध्रुवतारा पाहावा, वर्धन १५० च्या आसपास ठेवावे आणि प्रतिमा किंचित अस्पष्ट करावी. एकात एक वलये दिसतील. ती समकेंद्री असली तर जुळणी उत्तम. ध्रुव निवडावयाचा तो जागचा हलत नाही म्हणून. आपल्याकडे तो क्षितिजापासून अक्षांशाइतक्या उंचीवर, पुण्यास सुमारे साडेअठरा व नागपूरला एकवीस अंशांवर सापडतो.

नेम धरण्यासाठी लेसर

जुळणी झाली तरी तारा नेत्रिकेत आणणे हे निराळेच काम आहे. १,२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीस २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर ४८ पट वर्धन मिळते आणि आकाशाचा जेमतेम एक अंश, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चंद्रांएवढा भाग दिसतो. डोक्यावरच्या ताऱ्यासाठी शोधक दुर्बिणीला डोळा लावावयाचा म्हणजे मान मोडून घेणेच. म्हणून हल्ली नळीवर हिरवा लेसर बसवितात. त्याचा किरण आकाशात रेषेसारखा दिसतो आणि ती रेषा ज्या ताऱ्याला टेकल्यासारखी भासते, तोच नेत्रिकेत असतो. हिरवा यासाठी की, त्याची ५३२ नॅनोमीटर तरंगलांबी डोळ्याच्या कमाल संवेदनक्षमतेजवळ आहे आणि हवेतील कण लालपेक्षा हिरवा प्रकाश अधिक विखुरतात.

चिलीतील पारानाल वेधशाळेतून आकाशात जाणाऱ्या पिवळ्या किरणांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून येतात. ते किरण नेम धरण्यासाठी नसतात. सुमारे ९० किलोमीटर उंचीवरील सोडियमचे अणू उजळून कृत्रिम तारा निर्माण करावयाचा आणि त्याच्या थरथरीवरून वातावरणाची ढवळाढवळ मोजावयाची, हा त्यांचा हेतू होय.

हिरव्या लेसरविषयी मात्र मी सावधगिरीचा सल्ला देईन. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१३ साली १२२ लेसर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के व लालपैकी सुमारे ४४ टक्के तेथील मर्यादांत बसत नव्हते. हिरवा प्रकाश अवरक्त प्रकाशापासून तयार केला जातो. स्वस्त उपकरणात गाळणी नसली तर तो अदृश्य प्रकाशही बाहेर येतो आणि डोळ्याला त्याची जाणीवही होत नाही. वेष्टनावरील '५ मिलिवॉट' या शब्दांवर विसंबून पन्नास मुलांच्या घोळक्यात तो किरण फिरविणे मला धोक्याचे वाटते. विमानाच्या दिशेने किरण गेल्यास वैमानिकाचे डोळे दिपतात. विमानतळाच्या परिसरात आकाशात लेसर सोडण्यास पोलीस मनाई आदेशही काढतात.

शाळेसाठी त्याऐवजी लाल ठिपक्याचा शोधक घ्यावा. त्यात काचेवर ठिपका दिसतो, बाहेर किरण जातच नाही. हिरवा लेसर वापरावयाचाच तर तो एकाच जबाबदार शिक्षकाच्या हाती असावा आणि कळ दाबली तेवढाच क्षणभर चालावा.

त्या शाळेतील विज्ञान शिक्षकांनी मुख्य आरशामागील तीन स्क्रूंशेजारी १, २, ३ असे आकडे रंगाने काढून ठेवले आहेत आणि कोणत्या स्क्रूने ठिपका कोणीकडे सरकतो, ते नळीवर कागद चिकटवून लिहिले आहे. लेसर सेल काढून त्यांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात असतो. जडवस्तू नोंदवहीतील 'नादुरुस्त' हा शेरा मुख्याध्यापकांनी माझ्यासमक्ष लाल शाईने खोडला व निर्लेखनाचा कागद धारिकेतून काढून घेतला.