बीव्हरचा बांध आणि आपली बोडी

उत्तर अमेरिका व युरोपात बीव्हर हा कुरतडणारा प्राणी आढळतो. फांद्या व चिखल रचून तो ओढा अडवतो. पाणी संथ होते, गाळ बसतो, पाणथळ तयार होते. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने तलाव व बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधून असेच पाणी अडवले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून तलावाची पाळ तळाशी रुंद असते. बीव्हर आपला बांध सतत दुरुस्त करतो; आपण मात्र बोडीत गाळ साचू देतो, बेशरम माजू देतो.

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणातील रामसर येथे पाणथळ-रक्षणाचा करार झाला. भिवापूरच्या मुलांनी त्या दिवशी शाळेच्या भिंतीवर आपली बोडी रंगवावी, तिच्यावर कविता रचावी. आधी मात्र काठावर तासभर बसून कमळे, बगळे आणि पाळीच्या भेगाही टिपून घ्याव्यात. भेग चित्रात आली, तर गावालाही दिसेल.