कोळसा कसा पाडलाय ते विचारा

दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी कोयते माझ्या भट्टीवर येतात. अशाच एका हंगामात कोळसा नेहमीच्या बाभळीचाच आला, पण दुसऱ्या ठिकाणी पाडलेला. भाता सुरू केला की डोळ्यांना झोंबणारा पिवळा धूर. जाळ हातभर उठायचा, पण पात्याखाली निखारा भरायचा नाही. कोयत्याचं टोक लाल, पाठ काळी. अशा पात्याला पाणी दिलं तर धार एकीकडे टणक, एकीकडे मऊ. पोट त्या कोयत्यावर असणाऱ्याच्या हाती असलं पातं देववत नाही.

लाकूड तेच होतं, पण कोळसा पाडायची भट्टी लवकर फोडलेली. ३०० अंशांच्या आसपास लाकूड काळं होतं, तरी डांबर आणि वायू आत बरेच उरतात. असा कच्चा कोळसा चटकन पेटतो आणि पुष्कळसा जाळ-धुरातच संपतो. भट्टी ५०० अंशांच्या वर जाऊन मुरली की मागे मुख्यतः कार्बन राहतो. तो उशिरा धरतो, पण भात्याखाली रसरशीत फुलतो आणि टिकतो. मात्र तेवढ्याच लाकडातून पक्का कोळसा वजनाला कमी निघतो. विकणाऱ्याला घाई का असते, ते यातच आलं.

लाकूड ओलं असेल तर भट्टीची बरीचशी आच पाणी उडवण्यातच जाते. घाईनं तापवलं तर कोळसा तडकतो, भुसभुशीत होतो आणि भराभर जळून जातो. माती लागलेल्या लाकडाची राख जास्त होते, खंगर धरतो.

म्हणून पोतं घेताना मोठा खडा काढून मोडा. पक्का खणकन वाजतो, मोड काळी चकाकते, बोटं फारशी काळी होत नाहीत. आत तपकिरी गाभा दिसला तर तो कच्चा. पाणी मारून विझवलेला असेल तर त्याचा चुरा फार पडतो, आणि पाण्याचेही पैसे आपणच मोजतो.

भट्टीतून नुकताच काढलेला कोळसा लगेच छपराखाली रचू नका. हवेतला प्राणवायू शोषून तो आतून तापतो, कधी पेटही घेतो. दिवसभर उघड्यावर पसरून निवू द्या. आणि धूर नाही म्हणून पक्क्या कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच ठेवू नका. तिच्यातल्या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो.

कच्चा कोळसा पदरात पडलाच तर भट्टी पेटवायला वापरा. धूर पुरता सरला की वर पक्का घाला, मगच पातं आत सारा.