घडीचे टिपण : आठवून पाहण्यासाठी केलेली नोंद

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• घडीच्या टिपणामागील तत्त्व सांगता येईल.
• दोन ग्रंथांची तुलना मांडणारे टिपण तयार करता येईल.
• त्याच्या आधारे उजळणी करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्याला अभ्यासासाठी बहुधा रात्रीचा तासभरच मिळतो. त्या तासात पुस्तकातील वाक्ये वहीत उतरवली की अभ्यास झाल्याचे समाधान वाटते. परीक्षेत मात्र 'हे वाचले होते' एवढेच आठवते. उतरवलेला मजकूर पुन्हा वाचताना तो ओळखीचा वाटतो. परंतु ओळखणे आणि आठवणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात अधिक मजकूर राहिला होता. घडीचे टिपण याच तत्त्वाचा उपयोग करते : प्रश्न दिसतो, उत्तर झाकलेले राहते.

कृती
१. ए-४ आकाराचा कोरा कागद आडवा ठेवून त्याच्या दोन्ही लांब कडा एकमेकींवर आणा व घडी घाला. घडी वरच्या बाजूला ठेवा.
२. वरच्या पदराचे तीन समान भाग आखा.
३. आखलेल्या दोन रेषांवर खालच्या मोकळ्या कडेपासून घडीपर्यंत कापा. मागचा पदर कापू नये. आता तीन झडपा तयार होतील.
४. प्रत्येक झडपेवर बाहेरून प्रश्न लिहा. झडप उचलून आतल्या पदरावर त्याचे उत्तर चार-पाच शब्दगटांत, स्वतःच्या भाषेत लिहा.

उदाहरण
'ज्ञानेश्वरी' आणि 'लीळाचरित्र' यांची तुलना पाहू.

पहिली झडप : 'ज्ञानेश्वरी'चे स्वरूप कोणते? आत : गीतेवरील टीका, ओवीबद्ध, शके १२१२ (इ.स. १२९०), दृष्टान्तांची विपुलता.

तिसरी झडप : 'लीळाचरित्रा'चे स्वरूप कोणते? आत : चक्रधरस्वामींच्या आठवणी, म्हाइंभटांचे संकलन, गद्य, बोलीचा जिवंतपणा.

मधली झडप : दोहोंत साम्य कोणते? आत : यादवकाळ, तत्त्वविचारासाठी मराठीचा स्वीकार.

मधली झडप शेवटी भरावी. दोन्ही बाजू समजल्याखेरीज ती भरता येत नाही. त्यामुळे आपले आकलन कोठे अपुरे आहे, हे तेथेच लक्षात येते.

उजळणी
झडप न उचलता उत्तर मोठ्याने सांगा किंवा कच्च्या कागदावर लिहा. त्यानंतरच झडप उघडून पडताळा घ्या. चुकलेल्या झडपेवर खूण करा. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने खुणेच्या झडपांपासून सुरुवात करा. आठवत नाही म्हणून लगेच झडप उचलण्याचा मोह टाळावा. आठवण्यासाठी घेतलेले श्रम हाच येथे खरा अभ्यास असतो.

मर्यादा
झडपेखाली मुद्दे मावतात, युक्तिवाद मावत नाही. दीर्घोत्तरी प्रश्नात मुद्द्यांमधील संबंध उलगडून दाखवावा लागतो. म्हणून उजळणीनंतर तिन्ही झडपांतील मुद्दे जोडणारा एक परिच्छेद लिहावा. तसेच, सुबक कागद आणि रंगीत अक्षरे यांतच वेळ खर्ची पडू देऊ नये.

सारांश
टिपण हे केवळ माहितीचे साठवण नसून स्वतःची परीक्षा घेण्याचे साधन आहे. घडीमुळे प्रश्न व उत्तर वेगळे होतात आणि वाचकाला आठवून पाहणे भाग पडते.

स्वाध्याय
१. ओळखणे आणि आठवणे यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. आपल्या अभ्यासक्रमातील कोणत्याही दोन साहित्यकृतींवर तीन झडपांचे टिपण तयार करा. आठवड्यानंतर झडपा न उघडता त्यावर दहा ओळी लिहा आणि राहून गेलेले मुद्दे नोंदवा.