हिरव्या पाण्यांतील शैवलांच्या मुळ्या

पाऊस लागून खाचरांत पाणी कांहीं दिवस स्थिर राहिलें, कीं पेण व रोहें तालुक्यांच्या खारपट्टींत तें हिरवट दिसूं लागतें. त्यास आपण सरसकट शेवाळ म्हणतों आणि कित्येक जण मोरचूद टाकण्याची घाई करितात. तत्पूर्वीं ओंजळभर पाणी उचलून पाहावें. बोटांस तंतु चिकटले, तर त्याचे थर कोंवळीं रोपें उपटतात. तें हातानें काढून टाकावें. परंतु बोटांस कांहींच न लागतां पाणी नुसतें हिरवें असलें, तर त्यांत पुष्कळदां एकपेशीय शैवलें पोहत असतात.

क्लॅमिडोमोनास हें त्यांतलेंच. प्रयोगशाळांतून वाढविला जाणारा त्याचा वाण १९४५ सालीं अमेरिकेंत बटाट्याच्या शेतांतील मातींतून मिळालेला आहे. त्यास चाबकासारख्या दोन कशाभिका असतात व त्यांच्या योगें तें उजेडाकडे पोहतें. शाळेंतील सूक्ष्मदर्शकाखालीं थेंब ठेवल्यास हे हिरवे ठिपके धांवतांना दिसतात.

होडीची डोलकाठी जशी दोरांनीं ताणून बांधावी, तशा कशाभिकांच्या बुडाशीं चार मुळ्या फुलीच्या आकारानें पेशींत पसरलेल्या असतात. त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहींत. नांव मुळ्यांचें, पण त्या अन्नपाणी शोषीत नाहींत. समोरासमोरच्या दोहोंत चार-चार व उरलेल्या दोहोंत दोन-दोन सूक्ष्म नळ्या असून, त्यांस प्रथिनांच्या तंतूंची जोड असते. त्यांपैकीं असेंब्लिन नामक प्रथिन (१९९१) केवळ आधार देतें. दुसरें सेंट्रिन. सॅलिस्बरी व त्यांचे सहकारी यांनीं १९८४ सालीं टेट्रासेल्मिस या समुद्री शैवलाच्या मुळ्या अलग करून त्याचा शोध लाविला. पेशींत चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, वाढतांच याचे तंतु आखडतात. पाणी एकाएकीं आंबट झाल्यास क्लॅमिडोमोनासच्या कशाभिका बुडाशीं तुटून पडतात, व सुमारें दोन तासांत पुन्हां उगवतात!

सेंट्रिन ही १६९ दुव्यांची सांखळी आहे. तींतील एकच दुवा बदललेला एक वाण आढळला. त्याच्या संततींत कोणास एक कशाभिका, कोणास तीन, तर कोणास एकहि नाहीं. हेंच प्रथिन मनुष्याच्या पेशींतहि असल्यामुळें वैद्यकाचेंहि लक्ष या शैवलाकडे लागलेलें आहे.

मोरचुदानें हीं शैवलें मरतात खरीं, परंतु खाचराचें पाणी ओसंडून शेजारच्या जिताड्याच्या तळ्यांत उतरतें. तांबें माशांस विषारी आहे. शिवाय हीं शैवलें पाण्यांतले बारीक किडे खातात, किड्यांवर लहान मासे जगतात, आणि जिताडा त्या लहान माशांवर.