गिअर आठ, वेग ताशी आठ

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी सहा वर्षांची आहे, ७२ हजार किलोमीटर चालली आहे. रोज विरारहून महामार्गाने ठाण्याला जातो. गेल्या वर्षापासून घोडबंदरच्या चढावर कोंडीत सापडलो की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके मारते. मे महिन्यात तर पडद्यावर ‘गिअरबॉक्स गरम झाला आहे, गाडी थांबवा’ अशी सूचना आली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, यातले ऑइल कायमचे असते, बदलावे लागत नाही. वालीवचा आमचा मेकॅनिक म्हणतो, ऑइल बदला, नाहीतर गाडी विकून टाका. खरे कोणाचे? आणि हल्ली आठ-नऊ गिअरच्या गाड्या निघाल्या आहेत, त्यांत हा त्रास नसतो का?
– एक वाचक, विरार (पूर्व)

उत्तर : मेकॅनिकचे अर्धे खरे आहे, सर्व्हिस सेंटरचे त्याहून कमी. पण ऑइलकडे वळण्याआधी तुमची गाडी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. आपल्याकडे या एका नावाखाली चार निरनिराळी यंत्रे विकली जातात आणि चौघांची दुखणी वेगळी आहेत.

पहिले एएमटी. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तुमच्या हातापायांऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. २०१४मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्याकडे आला आणि स्वस्त असल्यामुळे पसरला. दुसरे सीव्हीटी. यात गिअरच नसतात. दोन पुल्यांवरून पोलादी पट्टा फिरतो आणि पुल्यांची रुंदी कमी-जास्त करून गुणोत्तर बदलते. तिसरे टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुने, खरेखुरे ऑटोमॅटिक. चौथे डबल क्लच, त्याला कोणी डीसीटी म्हणते, कोणी डीएसजी.

तुम्हाला आलेली सूचना आणि झटक्यांची जागा पाहता तुमच्या गाडीत यातले चौथे, तेही कोरड्या क्लचचे असावे, असा माझा कयास आहे. गाडीच्या पुस्तिकेत पाहून खात्री करा.

डबल क्लचमध्ये एक, तीन, पाच, सात हे गिअर एका क्लचवर आणि दोन, चार, सहा दुसऱ्यावर असतात. गाडी दुसऱ्यात धावत असतानाच तिसरा गिअर आत जुळवून ठेवलेला असतो. वसईला उतरणारा माणूस नायगाव येण्याआधीच दाराशी जाऊन उभा राहतो, तसा. वेळ आली की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, मध्ये खंड जवळजवळ पडत नाही. मोकळ्या रस्त्यावर हा गिअरबॉक्स फार सुरेख चालतो. अडचण आहे ती कोंडीत. पहिल्या गिअरमध्ये इंजिन नुसते सुरू असले तरी गाडी साधारण ताशी सहा-सात किलोमीटरने पुढे सरकते. फाउंटन नाक्यावरची रांग त्याहूनही हळू सरकते. मग इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटर क्लच अर्धवट धरून ठेवतो. मॅन्युअल गाडीत अर्ध्या क्लचवर चढ चढणारा ड्रायव्हर शिव्या खातो. इथे तेच काम कॉम्प्युटर तासभर करतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. घासणीतून उष्णता निघते. ओल्या क्लचमध्ये ती वाहून न्यायला ऑइल असते, कोरड्यात फक्त हवा, आणि मे महिन्यात तीही तापलेली.

यात दोष नुसता तुमच्या गाडीचा नाही. नोव्हेंबर २०१३मध्ये फोक्सवॅगनने कोरड्या क्लचच्या सात-गिअर डीएसजीसाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण-दमट हवा आणि सततची थांब-चाल असेल, तर गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक ऑइलमुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता; म्हणून ते काढून खनिज ऑइल भरून दिले. उष्ण, दमट आणि थांब-चाल, म्हणजे आपला महामार्गच. वर्सोव्याच्या खाडीवर २०२३मध्ये नवा पूल सुरू झाला तरी ससूनवघर-मालजीपाड्याच्या रांगा काही गेल्या नाहीत.

आता आठ-नऊ गिअरचे. गिअर वाढवले ते कोंडीसाठी नाहीत. इंजिन एका ठरावीक टप्प्यातच कमी इंधनात नीट ताकद देते. गिअर जास्त असले की गाडीचा वेग काहीही असो, इंजिनाला त्या टप्प्यात ठेवता येते. ‘झेडएफ’ या जर्मन कंपनीचा २००९मध्ये आलेला आठ-गिअरचा गिअरबॉक्स याचा उत्तम नमुना. त्याच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण ४.७ आणि आठव्याचे ०.६७. त्यामुळे सुरुवातीला भरपूर ओढ मिळते आणि महामार्गावर इंजिन निवांत फिरते. एवढे आठ गिअर निघतात ते फक्त चार ग्रहचक्र-संचांतून. प्रत्येक संचात मध्ये एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेर आतल्या अंगाने दाते असलेले कडे. यातला एक भाग अडवून धरला किंवा दुसऱ्याशी जोडला की बाहेर येणारा वेग बदलतो. ही धरपकड पाच क्लच-ब्रेक मिळून करतात. कोणत्याही गिअरमध्ये त्यांतले तीन घट्ट असतात आणि दोनच मोकळे. मोकळे कमी म्हणजे फुकटची घासणी कमी. मला तरी हे गेल्या काही दशकांतले सर्वांत देखणे यंत्रकाम वाटते.

आणि क्लचच्या जागी? तिथे टॉर्क कन्व्हर्टर. इंजिनाला जोडलेला पंखा ऑइल फेकतो, समोरचा पंखा त्या ऑइलच्या जोराने फिरतो, आणि मधला तिसरा पंखा परतणाऱ्या ऑइलला वळण देऊन सुरुवातीचा जोर जवळपास दुप्पट करतो. धातूला धातू किंवा अस्तराला अस्तर घासत नाही. गाडी सरकत असताना जी उष्णता होते ती ऑइलमध्ये होते आणि ऑइल कूलरकडे जाते. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५मध्ये याचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारीत ते बरेच नंतर आले. गाडीने वेग घेतला की दोन्ही पंखे आतल्या क्लचने एकमेकांना जखडले जातात, त्याला लॉक-अप म्हणतात, आणि मग ऑइलमधले नुकसानही थांबते.

म्हणून गाडी घेताना गिअर मोजत बसू नका. चाकणच्या कारखान्यातून निघणारी स्लाव्हिया किंवा व्हर्टसच पाहा. एक लिटर इंजिनाला सहा गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टर, दीड लिटरला सात गिअर आणि कोरडा डबल क्लच. अहमदाबादला निघायचे असेल तर सातवाली घ्या. रोज घोडबंदर असेल तर सहावाली. रांजणगावात जुळणी होणाऱ्या जीप कंपासच्या डिझेल फोर-बाय-फोरला नऊ गिअर आहेत, चाकणच्या मर्सिडीझ सी-क्लासलाही नऊ आहेत. कोंडीत त्यांतले पहिले दोन-तीनच वापरात येतात.

राहिले ऑइल. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये ते वंगण तर असतेच, शिवाय क्लच दाबणारा जोरही तेच, उष्णता वाहणारेही तेच आणि क्लचने किती पकड धरायची हेही त्याच्यातल्या रसायनांवर ठरते. इतकी कामे करणारी वस्तू कायमची कशी असेल? झेडएफ स्वतः चालवण्याच्या पद्धतीनुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. अनेक पुस्तिकांत मुख्य तक्त्याखाली बारीक अक्षरात दुसरा तक्ता असतो, ‘कठीण परिस्थितीत वापर’ असा. गर्दीतली थांब-चाल, उन्हाळा, चढ, धूळ हे सगळे त्याच तक्त्यात मोडते. सर्व्हिस सेंटरने तुम्हाला वरचा तक्ता वाचून दाखवला. तुमचे आयुष्य खालच्या तक्त्यात चालले आहे.

तरीही मेकॅनिकचे अर्धेच खरे, कारण कोरड्या डबल क्लचचा झटका नव्या ऑइलने जात नाही. क्लच त्या ऑइलमध्ये नसतोच. ऑइल बदला, बिघडणार काहीच नाही. पण आधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पी०७०० हा कोड दाखवून कोणी गिअरबॉक्स उतरवायला निघाला तर थांबवा; गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी तक्रार नोंदवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. खरी तक्रार पुढच्या कोडमध्ये असते. बरेचदा क्लचची झीज कॉम्प्युटरला पुन्हा शिकवण्याची प्रक्रिया केली की झटके निवळतात. इंजिनाचे माउंटिंग बसलेले असले तरी असाच धक्का बसतो, आणि ते गिअरबॉक्सच्या मानाने किरकोळ काम. मेकॅट्रॉनिक, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर एकत्र असलेला भाग बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

तोवर चालवण्याची सवय बदला. पुढची गाडी वीतभर सरकली की आपणही वीतभर सरकायचे, हे सोडा. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून नीट पुढे जा. मधे रिक्षा घुसेल, घुसू द्या. थांबल्यावर ब्रेक घट्ट दाबा. नुसता टेकवून ठेवला तर क्लच आत ओढतच राहतो. गायमुखच्या चढावर रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरू नका, क्लच जाळण्याचा तो सर्वांत जलद मार्ग आहे. गिअरबॉक्स पहिल्या-दुसऱ्यात उड्या मारत असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्यावर ठेवा. पुन्हा गरम झाल्याची सूचना आली तर कडेला घ्या, ‘पी’मध्ये टाका आणि पुस्तिकेत सांगितले आहे तसे गार होऊ द्या. गाडी विकण्याइतके काही झालेले दिसत नाही.

प्रश्न : माझ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला ताशी ६०च्या आसपास बारीक थरथर जाणवते, जणू रस्त्यावर पट्टे आहेत. टायर, अलाइनमेंट सगळे झाले.
– वसई (पश्चिम)

उत्तर : बहुधा लॉक-अप क्लच. एक साधी परीक्षा करा. मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू असताना रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला क्षणभर हलका स्पर्श करा. लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी गेली तर टायरवर आणखी पैसे घालू नका. स्पार्क प्लग मात्र तपासा, इंजिन मिस होत असले तरी असेच वाटते. मग कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे ऑइल भरून पाहा. अनेकदा तेवढ्यावर काम होते. जोराने फ्लश करण्यापेक्षा खालून काढून वरून भरणे बरे, काही दिवसांनी पुन्हा एकदा. ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून आणि ऑइल ठरलेल्या तापमानाला आल्यावरच पाहायची असते. ज्या गॅरेजमध्ये हे माहीत नाही तिथे हे काम देऊ नका.

प्रश्न : पावसात सोसायटीच्या आवारात गाडी अर्धा दिवस पाण्यात होती. इंजिनात पाणी गेले नाही, सुरू होते. गिअरबॉक्सची काळजी करावी का?
– नालासोपारा (पूर्व)

उत्तर : करावी, आणि गाडी आणखी चालवण्याआधी करावी. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले होते. असे पाणी इथे नवलाचे नाही, पण गिअरबॉक्सकडे कोणाचे लक्ष जात नाही. हवा आत-बाहेर जाण्यासाठी त्याला एक छोटी नळी असते. पाणी तिच्या तोंडापर्यंत चढले की आत शिरते. क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर कागदासारख्या तंतूंचे असते आणि गोंदाने चिकटवलेले. पाण्याने ते सुटते, पण लगेच नाही. गणपतीच्या सुमारास गाडी रेस घेते आणि पळत नाही, तेव्हा पावसाचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. थोडे ऑइल काढून पाहा. दुधाळ गुलाबी दिसले तर पूर्ण बदला, एकदा बदलून भागत नाही. विम्याच्या तक्रारीत गिअरबॉक्सचा उल्लेख आताच लिहून द्या. पाणी न चढताही ऑइल दुधाळ झाले असेल तर कूलर फुटून कूलंट मिसळले आहे, ते वेगळे आणि तातडीचे काम.

प्रश्न : सिग्नलला न्यूट्रल करावे का? आणि बंद पडली तर टो करून नेता येते का?
– अर्नाळा

उत्तर : मिनिटभरासाठी नको, ब्रेकवर पाय पुरे. उतारावर न्यूट्रल तर कधीच नको. टो करताना मात्र सावध. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती असली की आतली चक्रे वंगणाविना फिरतात. दोरी बांधून विरार फाट्यापर्यंत आणलेली गाडी किरकोळ बिघाडाने थांबली होती आणि पोहोचली ती मोठ्या बिघाडासह, असे होते. सपाट पाठीच्या गाडीवर चढवूनच न्या. ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न करू नका, ती होत नाही.

वाचकांना विनंती : प्रश्न पाठवताना गाडीचे मॉडेल, वर्ष, इंजिन, किलोमीटर आणि एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर की डबल क्लच, हे जरूर लिहा. नुसते ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही.