वन्य पक्ष्यांवरील उवांची पाहणी

उत्तरायणाच्या दिवसांत सुरत शहरात पतंगाच्या मांज्याने अनेक पक्षी जायबंदी होतात. त्यांच्या उपचारासाठी गुजरात शासनाने २०१७ मध्ये ‘करुणा अभियान’ सुरू केले. उपचार करताना पिसांतील उवांचीही नोंद ठेवल्यास मोलाची माहिती हाती येईल.

पक्ष्यांवरील उवांच्या सुमारे ४,००० जाती ज्ञात आहेत. या बिनपंखी कीटकांचे सारे जीवन पक्ष्याच्या अंगावरच जाते. बहुतेक जाती पिसे व त्वचेचा कोंडा खातात, तर काही रक्तही घेतात. पुष्कळशा जाती ठराविक पक्ष्यावरच जगतात. पारव्याच्या पंखांवरील सडपातळ ऊ पिसाच्या तंतूंमध्ये दडून चोचीपासून बचावते. चोच दुखावलेल्या पक्ष्यावर उवा वाढतात, त्या यामुळेच. या उवा माणसावर वस्ती करीत नाहीत.

मृत पक्षी त्वरित स्वतंत्र पिशवीत ठेवावा. अन्यथा एकाच्या उवा दुसऱ्यावर जाऊन नोंद चुकते. पांढऱ्या कागदावर पिसे झाडून उवा ७० टक्के अल्कोहोलमध्ये जतन कराव्यात. सोबतच्या चिठ्ठीवर पक्ष्याचे नाव, स्थळ व दिनांक लिहावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हे काम वन विभागाच्या अनुमतीनेच व्हावे.

अमेरिकेत १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया कॉन्डॉर वाचविताना त्याच्या अंगावरील उवा औषधाने मारण्यात आल्या. केवळ त्याच्यावरच जगणारी उवेची एक जात त्यानंतर आढळलेली नाही. पक्ष्याबरोबर त्याच्या आश्रितांचीही गणना व्हावी, ती याचसाठी.